आडोशाची अंडी

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत सरदाचे भात कापून झाले, मळणी आटोपली आणि तण (भाताचा पेंढा) रचून ठेवले की परसातल्या कोंबड्यांचा हंगाम सुरू होतो. मळ्यात सांडलेले दाणे, पावसाने मागे ठेवलेले किडे आणि वाळवी, बांधावरचे कोवळे गवत अशी खाण्याची चंगळ असते. पावसाळ्यात पिसे झडून ओकीबोकी झालेली कोंबडी पुन्हा तुकतुकीत दिसू लागते. तिचा फिकुटलेला तुरा लालभडक होतो आणि घरातल्या बाईला कळते, ही आता अंड्यावर आली. चार-आठ दिवसांत खुराड्यात अंडे दिसायला हवे, पण ते दिसत नाही. कोरगावपासून मेणकुऱ्यापर्यंत मग घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "कोंबी खंय घालता गो?"

ती घालत असते हे नक्की. तणाच्या गंजीच्या पोटात, चुलीसाठी रचलेल्या लाकडांच्या मागे, चुडतांच्या ढिगाखाली, मांगरातल्या मोडक्या टोपलीत, गोठ्याच्या गव्हाणीत, अळवाच्या गर्दीत, काजूखाली साचलेल्या पाल्यात, नाहीतर सरळ माळ्यावर. कधी कधी कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या परसातही. मग अंडी कोणाची, यावरून दोन घरांत चार दिवस अबोलाही होतो.

अशा कोंबडीला चोरटी, लबाड म्हणायची पद्धत आहे. तिच्या बाजूने पाहिले तर लबाडीचा प्रश्नच येत नाही. घरच्यांना अंडे हवे असते आणि तिला पिल्ले हवी असतात. अंडे रोज एकेक मिळाले तरी घराचे भागते; पिल्लांसाठी मात्र दहा-बारा अंडी एका जागी, कोणाच्या नजरेला न पडता साठावी लागतात. गावठी कोंबडीचे सगळे वागणे या दुसऱ्या हिशोबाने चालते. तो हिशोब समजला तर तिची अंडी सापडतात आणि तिचा वंशही टिकतो.

पाच आठवड्यांची जागा

कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून माणसाने कोंबडी पाळीव केली. गोव्याच्या रानात हा तांबडा भाऊबंद नाही. डिचोलीच्या पूर्वेला सत्तरीच्या बाजूने डोंगर चढू लागले की पहाटे आरवतो तो करडा रानकोंबडा. तोही आपल्या कोंबडीला अगदी परका नाही. पाळीव कोंबड्यांपैकी अनेकींचे पाय आणि कातडी पिवळी असते. त्या पिवळेपणाचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले, असे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले.

दोन्ही रानकोंबड्यांच्या माद्या जमिनीवरच अंडी घालतात. झुडपाच्या बुडाशी उथळ खळगा, त्यात थोडा पाला, एवढेच त्यांचे घरटे. करड्या रानकोंबडीची अंडी साधारण चार ते सात असतात आणि त्यांवर ती एकटीच बसते. नर फिरकत नाही. झाडावर घरटे बांधणाऱ्या पक्ष्याला उंचीचे संरक्षण असते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या मादीजवळ लपण्याखेरीज दुसरा उपाय नसतो.

पेडण्यातच याचे एक वेगळे उदाहरण आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येते, वाळूत खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते, वरून वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. ऊब देण्याचे काम उन्हाने तापलेली वाळू करते. त्या अंड्यांना धोका असतो, पण कासविणीच्या जिवाला तिथे थांबून धोका पत्करावा लागत नाही. कोंबडीला मात्र स्वतःच्या अंगाची ऊब द्यावी लागते. रोज एकेक करून बारा-चौदा अंडी घालायला दोन आठवडे आणि मग उबवायला एकवीस दिवस, म्हणजे पहिले अंडे घालते त्या दिवशी कोंबडी पुढच्या पाच आठवड्यांसाठी जागा निवडत असते. त्यातले तीन आठवडे तिला रात्रंदिवस जवळजवळ न हलता बसायचे असते. जागा चुकली तर अंडी जातात आणि बहुतेक वेळा कोंबडीही जाते. रानमांजर, मुंगूस, घोरपड, भारद्वाज, कावळे, उंदीर अशी मोठी यादी गोव्याच्या कोणत्याही वाड्यावर हजर असते. नागालाही अंडी वर्ज्य नाहीत. म्हणून घरातल्या मांजरापासून मालकिणीपर्यंत सगळ्यांची नजर चुकवण्यात तिची चूक काही नाही.

हजारो वर्षे माणसाजवळ राहूनही ही सवय सुटलेली नाही. स्कॉटलंडच्या एका बेटावर पाळीव कोंबड्या मोकळ्या सोडून त्यांचे निरीक्षण करण्यात आले होते. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. खुराडे नाही, दाणे टाकणारा हात नाही, अशा स्थितीत माद्यांनी झाडोऱ्यात नीट लपवलेली घरटी केली आणि पिल्ले काढली. शिकवायला कोणी नव्हते.

अंड्याची वेळ

घरटे शोधायला निघण्याआधी अंडे कसे तयार होते ते पाहायला हवे, कारण कोंबडीचे वेळापत्रक त्यावर बेतलेले असते.

अंडाशयातून पिवळा बलक सुटतो आणि अंडनलिकेच्या तोंडात येतो. तिथे तो जेमतेम पंधरा-वीस मिनिटे असतो. फलन व्हायचे असेल तर तेवढ्यात होते. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरातल्या बारीक नळ्यांमध्ये दोन-दोन आठवडे जिवंत राहतात. त्यामुळे कोंबा कापून खाल्ला तरी पुढे काही दिवस फलित अंडी येतच राहतात. पुढच्या सुमारे तीन तासांत बलकाभोवती पांढरे चढते, मग तास-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे येतात, आणि शेवटी कवच. कवच घडायला सर्वांत जास्त, वीस तासांच्या आसपास वेळ लागतो. सगळे मिळून चोवीस ते सव्वीस तास होतात.

अंडे बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो. म्हणून आज सकाळी आठला घातले तर उद्या नऊच्या सुमारास, परवा आणखी उशिरा, अशी वेळ पुढे पुढे सरकते. दुपार होऊ लागली की मधे एक दिवस खाडा पडतो आणि परत सकाळपासून सुरुवात होते. बहुतेक अंडी उजाडल्यानंतरच्या चार-सहा तासांत घातली जातात ती यामुळे.

गावातल्या जाणत्या बायकांनी हे पुस्तकाशिवाय ओळखलेले होते. सकाळी खुराड्याचे दार उघडण्याआधी एकेक कोंबडी काखेत धरायची, मागच्या बाजूला बोट लावून चाचपायचे. कवच रात्रभर घडत असल्यामुळे आज घातले जाणारे अंडे सकाळी बोटाला टणक लागते. जिला लागले ती डालग्याखाली, बाकीच्या मोकळ्या. अंडे पडले की डालगे उचलायचे. आजही कुठे कुठे हे चालते. बोट स्वच्छ हवे आणि हात हलका हवा. आतल्या आत अंडे फुटले तर कोंबडी दगावू शकते.

जागा शोधायची ओढ कुठून येते याचे उत्तर तर आणखी मजेचे आहे. एडिंबरोच्या वुड-गश आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १९६४ साली दाखवले की बलक सुटल्यावर अंडाशयावर त्याचा जो रिकामा कोश उरतो, त्यातून ही चक्रे फिरतात. तो कोश काढून टाकलेल्या कोंबड्या घरट्याची शोधाशोधच करीनाशा झाल्या. म्हणजे आजच्या अंड्यासाठीची धावपळ काल बलक सुटला तेव्हाच ठरून गेलेली असते. अंडे घालायच्या तास-दोन तास आधी ती बेचैन होते, खाणे सोडते, लांबट कण्हल्यासारखा आवाज काढते, कोनाकोपऱ्यात डोके घालून पाहते, बसते, उठते, पुन्हा दुसरीकडे जाते. या वेळी तिला कोंडले तर ती जाळीला धडका देते. अंडे घालायची वेळ आलेल्या कोंबड्या घरट्यापर्यंत पोचण्यासाठी अरुंद फटीतून घुसतात, जड दारे ढकलतात, असे प्रयोगांत दिसले आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून कोंबड्यांचे उघडेबोडके पिंजरे बंद केले आणि पिंजऱ्यातही घरट्याची सोय सक्तीची केली, त्यामागे या अभ्यासांचा मोठा आधार होता.

कशी जागा आवडते

सापडलेली घरटी नीट पाहिली तर आवडीनिवडी लक्षात येतात. वर काहीतरी झाकण हवे. आकाश दिसणारी जागा नको. तीन बाजू बंद आणि एक उघडी असावी, म्हणजे मागून कोणी येणार नाही आणि पुढचे दिसेल. उजेड कमी असावा. खाली अंगाने दाबून वाटी करता येईल असे काहीतरी सैल असावे. तण, पाला, भुसा, राख, काहीही चालते. कोंबडी छातीने दाबत जागच्या जागी गोल फिरते आणि हाताशी, म्हणजे चोचीशी येणारी काडी पाठीवर टाकत राहते. अंग हलवले की त्या काड्या घसरून कडेला पडतात आणि घरट्याला काठ तयार होतो.

तिथे आधीच एखादे अंडे असेल तर जागेची खात्री पटते. म्हणून तीन-चार कोंबड्या एकाच घरट्यात घालतात आणि एका जागी वीस-पंचवीस अंडी सापडल्यावर घरचे चक्रावतात. तलंगीच्या बाबतीत पहिली काही अंडी महत्त्वाची. ती जिथे घातली तीच जागा ती पुढे धरून बसते.

कोंबाही या कामात भाग घेतो. कोपऱ्यात जाऊन तो अंग घासतो, खाली बसतो, घशातल्या घशात आवाज काढतो आणि कोंबडीला जागा दाखवतो. ती मानतेच असे नाही. पण अंडे घालून बाहेर आल्यावर ती जो 'कॉक् कॉक् कॉक् कॉकाऽक' असा गलका करते, त्याला तो उत्तर देतो आणि तिला कळपात परत घेऊन येतो. या ओरडण्याचा एक उपयोग हाच, हरवलेल्या मादीने कळपाला साद घालणे. दुसरा उपयोग शत्रूचे लक्ष घरट्यावरून आपल्याकडे वळवण्याचा, असेही अभ्यासक मानतात. दोन्ही खरे असू शकतात. शोधणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की मुरलेली कोंबडी घरट्यावरून गुपचूप उठते, दहा-वीस पावले दूर जाते आणि मग बोंब ठोकते. आवाज आला तिथे धावणाऱ्या पोरांच्या हाती काही लागत नाही.

घरटे शोधायचे कसे

अंडे घालून झाल्यावर शोधण्यापेक्षा आधी पाळत ठेवणे बरे. सकाळी दाणे टाकले की कोण खायला येत नाही, कोण मान वर करून इकडेतिकडे पाहते, ते हेरायचे. तिच्या मागोमाग जायचे नाही. ती थांबते, माती उकरल्याचे सोंग करते आणि तुम्ही कंटाळेपर्यंत उकरतच राहते. पडवीत बसून दुरून पाहावे. दिसेनाशी झाली ती दिशा ध्यानात ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्या दिशेच्या थोडे पुढे बसावे. दोन-तीन दिवसांत जागा उमगते.

दुसरा मार्ग म्हणजे कोंडून ठेवणे. संशयित कोंबडीला दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवले तर तिची ओढ शिगेला पोचते. सोडली की ती आडवळण न घेता सरळ ठरलेल्या जागी धाव घेते.

कोंबडी पूर्णच दिसेनाशी झाली असेल तर ती बहुधा खुडूक होऊन बसली आहे. खुडूक कोंबडीही दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पंधरा-वीस मिनिटांसाठी बाहेर येते. पिसे फुलवलेली, 'कुर्र कुर्र' करत घाईघाईने खाणारी, पाणी पिणारी, आणि एरवीपेक्षा मोठी, दुर्गंधी विष्ठा टाकणारी कोंबडी दिसली की समजावे. तिचा तुरा परत फिका पडलेला असतो आणि पोटाखालची पिसे गळून कातडी उघडी झालेली असते. ती उघडी कातडीच अंड्यांना ऊब देते. परत जाताना ती वळसे घेत जाते. तिच्याकडे वेळ मात्र कमी असतो, त्यामुळे या फेरीत तिचा माग काढणे सोपे पडते.

सापडलेल्या अंड्यांचे काय करावे

पहिला प्रश्न : कोंबडी अजून घालते आहे की उबवायला बसली आहे? नुसती घालत असेल तर अंडी थंड असतात. बसली असेल तर ती उठून गेल्यावरही काही वेळ कोमट लागतात.

गोव्यात हा प्रश्न नाजूक आहे. फलित अंड्यातली वाढ साधारण २० ते २४ अंशांच्या खाली थांबते. थंड देशात हिवाळ्यात अंडे आडोशाला पडून राहिले तर ते निजलेले राहते. आपल्याकडे दिवसाचे तापमान बारा महिने ३० अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा तापलेल्या गंजीत ते बरेच चढते. तिथे पडलेल्या फलित अंड्यात कोणी उबवले नाही तरी अर्धवट वाढ सुरू होते, मग खुंटते आणि अंडे नासते. म्हणून एप्रिल-मेमध्ये सापडलेल्या घरट्यातले अंडे सरळ कढईत फोडू नये. आधी वाटीत फोडून पाहावे.

जुने-नवे ओळखायला पाण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी हळूहळू उडून जाते आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे पडते, काही दिवसांचे रुंद टोक वर उचलते, आणखी जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. या उपायाने वय कळते, आत जीव धरला आहे का ते कळत नाही. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे मोबाइलची बत्ती धरावी. सात दिवस उबवलेल्या अंड्यात एक काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात.

पिल्ले काढायची अंडी पाण्यात बुडवू नयेत आणि धुऊही नयेत. नुकते घातलेले अंडे हातात घेतले तर ओलसर लागते आणि बघता बघता कोरडे होते. तो ओलावा म्हणजे कवचावरचे पातळ आवरण. ते वाळून छिद्रांची तोंडे झाकते आणि बाहेरचे जंतू आत जाऊ देत नाही. धुतले की ते जाते. चिखलाने माखलेले अंडे उबवायला ठेवण्यापेक्षा वेळीच शिजवून खावे.

उबवायची अंडी निमुळते टोक खाली करून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावीत आणि सात-दहा दिवसांच्या आत कोंबडीखाली जावीत. मग कोंबडी स्वतः दोन आठवडे साठवलेली अंडी कशी जगवते? रोज अंडे घालायला येते तेव्हा ती काही वेळ आधीच्या अंड्यांवर बसते, त्यांना थोडी ऊब मिळते आणि ती उलटसुलटही होतात. मोठ्या उबवणी केंद्रांनी हे अलीकडे उचलले आहे. साठवणीतल्या अंड्यांना मधूनमधून थोडा वेळ ऊब दिली तर जास्त पिल्ले निघतात, असे त्यांना आढळले.

अंडी पुरेशी साठली की पोटाच्या कातडीला होणारा त्यांचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचतो, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडाशय आकसतो आणि कोंबडी खुडूक होते. ती सगळ्या अंड्यांवर एकाच दिवसापासून पक्की बसते, त्यामुळे दोन आठवड्यांच्या अंतराने घातलेल्या अंड्यांतून पिल्ले मात्र एक-दोन दिवसांत बरोबरीने बाहेर येतात. पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढू शकते, म्हणून आईला शेवटच्या भावंडासाठी थोडे थांबता येते. तीन आठवडे बेपत्ता असलेली, मेली म्हणून सोडून दिलेली कोंबडी एके सकाळी पिल्लांचे लटांबर घेऊन अंगणात उभी राहते, ती अशी.

जागा धोक्याची असेल तर खुडूक कोंबडीला अंड्यांसह हलवता येते. हे काम रात्री करावे. अंधारात कोंबडी शांत असते. न्हाणीजवळच्या किंवा मांगरातल्या काळोख्या कोपऱ्यात तण घालून घरटे करावे, अंडी ठेवावीत, वर कोंबडी आणि तिच्यावर डालगे. दोन दिवस खाणे-पाणी तिथेच द्यावे. पिल्ले नको असतील तर तिला हवेशीर जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावे. पोटाला गारवा लागला आणि अंड्यांचा स्पर्श तुटला की खुडूकपणा उतरतो. नाकपुडीत पीस खुपसणे, पाण्यात बुचकळणे हे जुने उपाय क्रूर आहेत आणि त्यांची गरजही नाही.

खुराड्यात घालायला लावायचे तर

कोंबडीला ती शोधते तसली जागा आपणच दिली तर ती बाहेर भटकत नाही. एक फूट लांब-रुंद-उंच खोके, आंब्याची लाकडी पेटी किंवा फुटक्या तोंडाचे मोठे मडके आडवे करून ठेवले तरी पुरते. ते काळोख्या बाजूला, रात्री बसायच्या दांडीपेक्षा खाली असावे. दांडीपेक्षा उंच ठेवले तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि घाण करतात. चार-पाच कोंबड्यांना एक घरटे पुरे. आत कोरडे तण घालून ते वरचेवर बदलावे, कारण ओल्या तणात पिसवा आणि गोचिड्या लवकर होतात. त्यांचा त्रास हेही खुराडे सोडण्याचे एक मोठे कारण असते.

घरट्यात खुणेचे एक अंडे कायम ठेवावे. खरे ठेवले तर ते नासते. म्हणून गुळगुळीत पांढरा दगड किंवा लाकडाचे अंडे चांगले. सगळी अंडी रोज उचलून घरटे रिकामे केले की कोंबडी ती जागा लुटली गेली असे धरते आणि दुसरीकडे जाते. माणसाच्या हाताच्या वासाने ती घरटे सोडते असे म्हणतात. वासापेक्षा रिकामेपण तिला जास्त खटकते असा बहुतेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. नव्या तलंगींना अंड्यावर आल्यावर आठ-दहा दिवस सकाळी उशिरापर्यंत कोंडून ठेवले की पहिल्या अंड्यांची जागा पक्की होते आणि पुढची कटकट वाचते.

कवचासाठी लागणारा चुनाही हवा. एका अंड्याच्या कवचात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते खाण्यातून मिळाले नाही तर कोंबडी हाडांतले उपसते. गोव्यात तिसऱ्या आणि शिनाणे या शिंपल्यांची कवचे प्रत्येक स्वयंपाकघरातून बाहेर पडतात. ती भाजून, कुटून परसात टाकली की विकतच्या चुनखडीची गरज उरत नाही. कडक उन्हाळ्यात कोंबडी तोंड उघडून धापा टाकते, त्यातून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच पातळ पडते. तेव्हा शिंपल्यांबरोबर सावली आणि थंड पाणीही तेवढेच लागते. पातळ कवचाचे अंडे घरट्यात फुटते, एकदा चव लागली की कोंबडी स्वतःच अंडी फोडून खाऊ लागते, आणि ही खोड लवकर जात नाही.

सगळी अंडी उचलावीत का?

गावठी कोंबडी वर्षाला पन्नास ते ऐंशी अंडी देते, तीही तीन-चार पाळ्यांत. पोल्ट्रीतली कोंबडी तीनशेच्या वर देते, कारण तिच्यातला खुडूकपणा पिढ्यानपिढ्या निवड करून काढून टाकलेला आहे. परसासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जातीही गोव्यात आल्या. त्या गावठीपेक्षा बरीच जास्त अंडी देतात, पण खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायची तर यंत्र हवे किंवा गावठी कोंबडी हवी. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त. त्यांपैकी ज्या आपली पुढची पिढी आपण काढतात, त्या लपून अंडी घालणाऱ्याच.

पेडणे-डिचोलीत आता लपायच्या जागाही घटत चालल्या आहेत. तण रचणारी घरे कमी झाली, चुलीच्या जागी गॅस आल्याने लाकडांच्या राशी गेल्या, वईच्या जागी चिऱ्यांची भिंत आली, अंगणात फरशी बसली. भटकी कुत्री वाढली. अशा परसात कोंबडी अंडी लपवणार कुठे? मग ती उघड्यावर घालते, कावळे नेतात, आणि घरचे म्हणतात, गावठी कोंबडी परवडत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र गावठी अंड्यांसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. राखणदाराला राखण द्यायला कोंबा हवा असतो तेव्हाही गावठीच शोधला जातो.

यावर तोडगा घरच्या घरी आहे. खोक्यात घातलेली अंडी स्वयंपाकघराची मानावीत. पण कळपातली जी कोंबडी दणकट, पावसाळ्यात रोगाला बळी न पडलेली आणि पिल्लांना जपणारी आहे, तिला वर्षातून निदान एकदा, शक्यतो पावसानंतरच्या कोरड्या दिवसांत, दहा-बारा अंड्यांवर बसू द्यावे. तिचे आडोशाचे घरटे सापडले आणि जागा सुरक्षित असली तर अंड्यांवर पेन्सिलने खूण करून ती तशीच ठेवावीत. नंतर दुसऱ्या कोंबड्यांनी भर घातली तर ती बिनखुणेची अंडी तेवढी काढता येतात. पिल्ले निघाली की राणीखेत रोगाची लस वेळेवर द्यावी आणि पहिले काही आठवडे घार-मुंगसापासून डालग्याखाली सांभाळावीत.

श्रावणात घरात कोणी कोंबडी खात नाही, तेव्हा कळप वाढवायची इच्छा सगळ्यांनाच होते. पण तो वाढतो दिवाळीनंतर, तणाच्या गंजीत अंडी दिसल्यावर हात किती आवरला त्यावर. ती डझनभर अंडी उचलली तर दोन-तीन दिवसांची न्याहारी होते. ठेवली तर त्यातली निम्मी पिल्ले कावळ्या-घारींना गेली तरी पुढच्या वर्षासाठी दोन-तीन कोंबड्या आणि एखाद-दुसरा कोंबा घरातच तयार होतो, यंत्र आणि विकतची पिल्ले न आणता.